सालमेचं अर्धं गाणं

एकदा काय झालं, पार पूर्वेला, गारो लोकांच्या डोंगरात सालमे नावाची मुलगी होती. सगळ्यांत धाकटी, म्हणून लाडावलेली. तिकडची रीत आपल्याहून उलटी, बरं का. नाव आईचं लावायचं, लग्न झालं की नवरा नांदायला येतो, आणि घर मिळतं धाकट्या लेकीला. सालमेच्या घरासोबत एक गाणंही होतं. कुणी गेलं, की त्या गाण्यानं जिवाला वाट सांगायची. कुठं वळायचं, कुठल्या डोंगरावर कुठली पणजी भेटेल. लिहिलेलं काही नाही हं. पुस्तकं म्हणे होती, कातड्यावरची. पूर्वज दुरून येताना भुकेजले नि शिजवून खाऊन बसले. तेव्हापासून विद्या सगळी पोटात.

मग आई म्हातारी झाली. आईला तिकडे आमा म्हणतात. आमा म्हणाली, "सालमे, ये बाई, गाणं शिकून घे." सालमे मागावर बसली होती. म्हणाली, "एवढं कापड होऊ दे, आमा."

मग पीक आलं. आमानं पुन्हा हाक मारली. "धान घरात येऊ दे, आमा."

मग सुगीचा सण आला, ढोल वाजायला लागले. आमाचा आवाज पार खोल गेला होता. सालमे केसांत पिसं खोवत म्हणाली, "नाचून येते. घर माझं, तर गाणंही माझंच. कुठं पळून जातंय?"

नाचून आली, तर आमा गेली होती.

मग घर सालमेला मिळालं. चूल मिळाली, ढोल मिळाला, तांदळाचे रांजण मिळाले. गाणं काही मिळालं नाही. थोरल्या बहिणींना ते कुणी शिकवलंच नव्हतं. लहानपणी आमाच्या पाठीवर असताना कानावर पडलेलं, तेवढं तिनं रडत रडत म्हटलं. डोंगर आला, नदी आली, सावरीचं झाड आलं. पुढं शब्दच नाहीत.

मग आमाचा जीव त्या सावरीशीच थांबला. त्याचा पक्षी झाला. सालमे रोज झाडाखाली जायची, म्हणायची, "आमा, पुढचं सांग ना." पण गेलेल्यांना माणसांची बोली येत नाही. पक्षी नुसती शीळ घालायचा. बोलत होती तेव्हा ऐकलं असतं तर, असं सालमेला जन्मभर वाटत राहिलं.

पुढं तिला लेक झाली. सालमेनं तिला रांगत्या वयापासून गाणं शिकवलं, होतं तेवढं. मग सालमेही म्हातारी होऊन गेली. लेकीनं ते न चुकता म्हटलं, आणि सालमे बरोबर त्याच सावरीशी पोचली. आमानं फांदीवर सरकून जागा दिली. रागावली नाही हो. आई ती.

मायलेकी तिथं सुखानं राहतात. पलीकडच्या डोंगरावर पणज्या मात्र अजून भात झाकून वाट बघतायत. तुम्ही झोपा आता. आणि उद्या मी हाक मारली, की आधी या.