येसाक्काचा पसा

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की सांगणाऱ्यानं ती ऐकलेली आहे आणि ज्याच्याकडून ऐकली त्यानंही नुसती ऐकलेलीच. तेव्हा खडकमाळ गावाला पाणी एकच, बारवेचं. बाकी सगळा माळ, कुसळं आणि ऊन.

आता बारव काही आपोआप राहत नाही. दर उन्हाळ्यात वडार येत, पंधरा दिवस राबून गाळ उपसत, निखळलेल्या पायऱ्या बसवत, सांडपाण्याचा चर मोकळा करत. त्यांच्या पोटाला गाव जोंधळा देई. दर अमावास्येला घरटी एक पसा, म्हणजे दोन्ही हातांची एक ओंजळ. ज्याच्या घरी कणगी भरलेली त्याचाही एक आणि ज्याच्या घरी चूल विझलेली त्याचाही एकच.

हा पसा गोळा करायचं काम येसाक्काच्या घराकडं होतं. सासूनं मरताना पाटी तिच्या डोक्यावर दिली ती तीस वर्षं उतरली नाही. द्यायचा ओंजळभर जोंधळा, पण गावाची तोंडं बघावीत. कुणाचं मळायचं राहिलेलं, कुणाचा मालक घरी नसलेला, कुणी तिला वळणावर बघूनच दार लावून घेतलेलं. पाणी मात्र सगळ्यांना रोज दोन वेळा लागे. मागून मागून येसाक्काचा जीव आंबून गेला. पायांना भेगा पडल्या, त्या भरल्याच नाहीत.

गावात खंडू मेटकरी म्हणून मेंढरांचा धनी होता. पाचशे मेंढरं आणि मन त्याहून मोठं. त्यानं एकदा तिला दारात टेकलेली बघितली आणि त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "येसाक्का, वडारांचं समदं म्या एकटा देतो. तू बस आता."

आणि येसाक्का बसली. इथंच चुकलं, असं म्हणतात. म्हणोत. तीस वर्षं दारोदार फिरावं आणि मग तिला बोल लावावा.

तीन वर्षं ती सुखानं झोपली. पण गावाचा पसा थांबला तसं गावाचं बारवेवरचं लक्षही उडालं. कुणी पायरीवर म्हैस धुतली, कुणी चरात उकिरडा लोटला. हटकलं तर उत्तर तयार, बारव मेटकऱ्याची, मेटकरी बघेल. चौथ्या वर्षी मेंढरांत रोग शिरला आणि पाचशेंची अकरा उरली. वडार आले, जोंधळा नाही म्हणून वेशीवरून परत गेले. चैत्रात पाण्याला वास सुटला. मग पटकी आली. एका आठवड्यात सहा पोरं गेली, त्यातलं एक येसाक्काच्या शेजारचं होतं. त्याच्या आईचं रडणं ऐकून ती रात्रभर भिंतीला टेकून बसली आणि सकाळी तिनं पाटी डोक्यावर घेतली.

पहिल्या दारानं नाही म्हटलं. दुसऱ्यानं म्हटलं, चार वर्षं फुकट होतं, आताच काय झालं. ती कुणाला शिव्याशाप द्यायची नाही. तेवढं बळच नव्हतं अंगात. गाव संपलं की पुन्हा पहिल्या दारापासून लागायची. दोन दिवस अशी ती चालली, पाण्याचा घोट न घेता, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की येसाक्का जिथं उभी राहून गेली तिथं दोन ओली पावलं उमटली आहेत. जमीन तव्यासारखी तापलेली आणि पावलांत नितळ पाणी, झऱ्याच्या पाण्यासारखं. दारोदार तसंच होतं आणि ती मात्र वाळत चालली होती. तिच्या अंगातलं पाणी आपल्या उंबऱ्याशी सांडतंय, हे बघून त्या सहा पोरांच्या आया आधी बाहेर आल्या. मग एकेक दार उघडलं.

सगळ्यात शेवटी ती मेटकऱ्याच्या दाराशी गेली. त्याच्याकडं मागायचं नाही, नुसतं टेकायचं म्हणून. तो पसा भरून बाहेर आला. लोक म्हणाले, तुझं राहू दे, तू पुष्कळ दिलंस.

मेटकरी म्हणाला, "समद्यांचा दिला. माझा पसा मातुर चार वरसांत दिलाच न्हाई."

येसाक्कानं पाटी पुढं केली. मग ती बारवेवर गेली, पहिल्या पायरीवर पाटी ठेवली आणि शेजारी पाय पसरून बसली. ती उठली नाही. निरोप धाडून परत बोलावलेल्या वडारांनी त्या एका पाटीतले जोंधळे पंधरा दिवस खाल्ले, तरी तळ दिसला नाही, असं म्हणतात. गाळ निघाला आणि पाणी त्या पायरीपर्यंत चढून आलं.

आता खडकमाळात टाकी आहे, घरोघर नळ आहेत. मोटर दुरुस्तीला, टाकी धुवायला लागेल ते गावच घालतं. दर अमावास्येला बारवेच्या पहिल्या पायरीवर रिकामी पाटी ठेवतात आणि घरटी एकजण चालत येऊन आपला पसा टाकून जातो. आजाऱ्याचा शेजारी आणतो. पाटी कुणाच्याही दारी जात नाही, मग तो कितीही मोठा असो. गावात आलेली नवी सून हमखास विचारते, एवढ्या उन्हात आपणच का जायचं? सासू तिच्या हातात जोंधळे देत सांगते, "ती लई चालली, बाय. आता आपून चालायचं."