पिवळ्या डोक्यांची शाळा

विषय : भुरी चिमणी हिच्या पिल्लास विणकाम शाळेत प्रवेश मिळणेबाबत.

गावाने कौले उतरवून स्लॅब घातले, त्या काळची ही गोष्ट. वळचण गेली तशी भुरी पिल्लाला घेऊन ओढ्याकाठच्या बाभळीवर आली. तिथे सुगरण पक्ष्यांची शाळा होती. 'रानातल्या सर्व पाखरांसाठी' असे बुंध्यावर कोरलेलेही होते. पिल्लाला घरटे विणता आले नाही, तर ते थंडीत गारठून मरेल, ही भुरीची धास्ती.

हेडमास्तर पिवळोजीरावांनी मान तिरकी करून पिल्लाकडे पाहिले. "बाई, आमचा आकस नाही हो. पण इथं डोकं पिवळं लागतं."

"विणायचं चोचीनंच ना, गुरुजी?"

"चोचीनंच. नियम मात्र डोक्याचा आहे. उद्या या."

भुरी रोज येत राहिली. गुरुजी रोज 'उद्या या' म्हणत राहिले. पावसाळा सरला आणि दरवर्षीप्रमाणे सुगरणांचा पिवळा रंग उतरला. शाळेतली झाडून सगळी डोकी भुरकट झाली.

एका सकाळी गुरुजी शाळेबाहेर उन्हाला बसले होते. पिल्लाने त्यांना ओळखले नाही. ते जवळ सरकले आणि कळवळून म्हणाले, "आजोबा, तुम्हालापण आत घेत नाहीत?"

गुरुजी बराच वेळ ओढ्याच्या पाण्यात स्वतःचे डोके न्याहाळत राहिले. मग घसा खाकरून भुरीला म्हणाले, "रंग परत आला की समितीपुढं ठेवतो."

थंडी पडली आहे. बाभळीवर बरीच घरटी रिकामी झुलत आहेत. पिल्लू बाहेरच्या फांदीवर आईच्या पंखाखाली बसते. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.