तीन वेळा पुकारा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे एक तक्ता घेऊन गेला. शिष्य म्हणजे कोणी आश्रमातला बटू नव्हे. तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ होता, एका सूतगिरणीत कर्मचारी अधिकारी होता आणि त्याच्या खिशाला नेहमी दोन पेनं लावलेली असत. गुरू म्हणजे विधी महाविद्यालयात तीस वर्षं कामगार कायदा शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. विद्यार्थी पहिल्यापासून त्यांना गुरुजी म्हणत आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही.

तक्ता तीन वकील-कार्यालयांच्या तुलनेचा होता. गिरणीने बळवंत तातोबा कुरणे नावाच्या कामगाराला एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर बडतर्फ केलं होतं. पाळी चालू असताना तो अर्धा तास यंत्र सोडून गेला, असा त्याच्यावर आरोप होता. कुरणे कामगार न्यायालयात गेला, म्हणून गिरणीला वकील हवा होता, आणि तोही कामगार कायद्यात मुरलेला. संचालक मंडळाने शिष्याला सांगितलं की आपल्या भागात अशी जी कार्यालयं आहेत त्यांची तुलना करा आणि सोमवारच्या बैठकीत एक नाव द्या. त्या नावाला तुमच्या गुरुजींनी मान डोलावली असेल, तर आम्ही पुढे काही विचारणारच नाही.

शिष्य या कामात रंगून गेला. तक्ता आखला की आपल्याला विचार केल्यासारखं वाटतं आणि रकाने वाढवले की तो विचार खोल गेल्यासारखा वाटतो. शिष्याने अकरा रकाने आखले. कार्यालय किती वर्षांचं, वकील किती, मालकाच्या बाजूने किती दावे जिंकले, ग्रंथालय कसं, फोन किती वेळात उचलतात, इथपर्यंत सगळं त्याने नोंदवलं. मग प्रत्येकाला शंभरपैकी गुण दिले आणि शेवटी शेरा लिहिला.

पहिलं कार्यालय जिल्ह्याच्या गावी होतं. काचेचं दार, बारा वकील आणि गिरणीच्या अध्यक्षांच्या खोलीपेक्षा गार अशी बैठकीची खोली. तिथल्या प्रमुखांनी फाइल पाच मिनिटं चाळली आणि कागद पक्का आहे, वर्षभरात निकाल तुमच्या बाजूने लावून देतो, असा शब्द दिला. त्याला ब्याण्णव गुण मिळाले. दुसरं कार्यालय त्याहून मोठ्या शहरात होतं. तिथले वयस्कर वकील म्हणाले की निकालाची घाई कशाला, सात वर्षं आपण तारखा घेत राहू, तोवर तो माणूसच थकेल. पाहुण्याला आणखी एक पोळी वाढावी इतक्या गोड आवाजात ते हे बोलले. त्यांना सत्त्याऐंशी गुण मिळाले.

तिसरं कार्यालय तालुक्याच्या गावी पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. तिथे एक वकीलबाई आणि त्यांचा जुना कारकून, एवढीच माणसं होती. बाईंनी दोन तास फाइल वाचली. शिष्य समोर बसून खालच्या जात्याची घरघर ऐकत होता आणि मनातल्या मनात वेळेच्या रकान्यातले गुण कापत होता. शेवटी बाईंनी एकच प्रश्न विचारला. चौकशीच्या दिवशी हा कुरणे कुठे होता? गैरहजर होता, तसं लिहिलंच आहे, असं शिष्याने सांगितलं. बाईंनी फाइलची नाडी बांधली, ती त्याच्याकडे सरकवली आणि याचं उत्तर मिळालं की या, असं म्हणून पुढच्या माणसाला आत बोलावलं. तिथून उतरताना शिष्याचे कान तापले होते. त्याने त्या कार्यालयाला एकतीस गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘अनावश्यक प्रश्न विचारतात.’

रविवारी सकाळी साडेनऊला तो इस्त्रीचा शर्ट घालून गुरुजींच्या बैठ्या घरी पोचला. गुरुजींनी तक्ता पाहिला, शेरे वाचले आणि फाइल मागून घेतली. फाइल त्यांच्या हाती देताना शिष्याने ती क्षणभर धरून ठेवली. तिच्यातल्या चौदाव्या पानावरून त्याची स्वतःची नजर नेहमी घसरून पंधराव्यावर जात असे.

गुरुजींनी फाइल मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “तू बाहेर व्हरांड्यात बाकावर बस. वाचून झालं की बोलावतो.”

शिष्य बाहेर येऊन बसला. मागे दार लोटल्याचा आवाज आला. दहा वाजले, अकरा वाजले. शेजारचे एक गृहस्थ वर्तमानपत्र परत द्यायला आत गेले, बाहेर आले आणि जाताना त्याच्याकडे बघून हसले. बाक अरुंद होतं आणि ऊन पावलांपर्यंत आलं होतं, तरी कोपऱ्यावर जाऊन चहा घेऊन यावं असा विचारही त्याला धाडसाचा वाटला. नेमकं त्याच वेळी बोलावलं तर? गुरुजींच्या सूनबाई तुळशीला पाणी घालायला आल्या तेव्हा त्याला पाहून थबकल्या आणि आत जा ना, असं म्हणाल्या. त्याने मान हलवली. बोलावतो म्हणालेत, असं त्याने सांगितलं. हे सांगताना त्याचा आवाज आज्ञाधारक आणि थोडा केविलवाणा झाला होता आणि तो त्याचा त्यालाच आवडला नाही.

बारा वाजून गेले. गुडघे जुळवून, तक्त्याची प्रत मांडीवर ठेवून, दर थोड्या वेळाने दाराकडे बघत तो बसला होता. असं बसलेलं कोणाला तरी आपण पाहिलं आहे, असं त्याला वाटू लागलं. कोणाला, ते त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो समोरच्या कुंपणावरचे खिळे मोजू लागला.

एक वाजता दार उघडलं. गुरुजी काठी टेकत उंबऱ्याशी आले. त्यांच्या हातात कागदाचा एक चिटोरा होता आणि तो त्यांनी अगदी कोरड्या आवाजात वाचून दाखवला. “शिष्याच्या नावाचा तीन वेळा पुकारा केला. शिष्य गैरहजर. सबब त्याच्या गैरहजेरीत निर्णय देण्यात येत आहे.”

शिष्य ताडकन उठला. इतक्या वर्षांत तो गुरुजींशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता, पण आज राग त्याच्या आधी पुढे गेला.

“गुरुजी, हा अन्याय आहे. मी इथेच होतो. सकाळपासून या बाकावरून हललो नाही. तुम्हाला माहीत होतं मी इथे आहे.”

शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ते त्याच्या स्वतःच्या कानांत शिरलं. गुरुजींनी चिटोरा घडी करून त्याच्या हातात दिला आणि आत वळले. शिष्य त्यांच्या मागे खाली मान घालून गेला. टेबलावर फाइल चौदाव्या पानावर उघडी होती.

त्या पानावर त्याचंच अक्षर होतं; कुरण्याच्या चौकशीची नोंद त्यानेच लिहिली होती. चौकशी अधिकारी बाहेरगावचे होते आणि त्यांना अकराची गाडी गाठायची होती. घ्या पुकारा करून, असं ते घड्याळाकडे बघत म्हणाले होते. खोलीचं दार बंद होतं. शिष्य खुर्चीतून उठला नाही. त्याने हातातल्या कागदाकडे बघत बळवंत तातोबा कुरणे हे नाव तीनदा उच्चारलं, देवापुढे पुटपुटावं तसं. मग लिहिलं, ‘तीन वेळा पुकारा केला. कामगार गैरहजर. चौकशी एकतर्फी चालवली.’ अधिकारी मागच्या दाराने गाडीला गेले; पुढच्या दाराच्या पलीकडे, चार हातांवर, कुरणे बाकावर बसलेला होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन. हे शिष्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो स्वतः आत जाताना कुरण्याने उठून नमस्कार केला होता आणि शिष्याने मान हलवून बस बस म्हटलं होतं.

गुरुजींनी पान उलटलं. पुढे गिरणीच्या फाटकावरच्या नोंदवहीची प्रत होती. नोटीस कुरण्याला मिळाली होती हे सिद्ध व्हावं म्हणून ती शिष्यानेच मोठ्या हुशारीने फाइलला जोडली होती. त्या दिवशी कुरणे सकाळी नऊ चाळीसला आत आला होता आणि संध्याकाळी साडेपाचला बाहेर पडला होता. चौकशी होईपर्यंत निलंबित असलेला माणूस आठ तास आत काय करत होता, हे विचारायला फार मोठ्या कायदेपंडिताची गरज नव्हती.

शिष्याला वाटलं, आता गुरुजी रागावतील तर बरं. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

“तू मला प्राध्यापक म्हणून ओळखतोस,” ते म्हणाले. “त्याआधी मी कामगार न्यायालयात शिपाई होतो. पुकारा करणं हेच माझं काम. एका दुपारी मला जेवायची घाई होती. मी दारापर्यंत गेलो नाही, आतूनच एका बाईचं नाव घेतलं. तिचा दावा गैरहजेरीत निकाली निघाला. खाली आलो तर ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, दादा, माझं नाव आलं की सांगा हं. मी हो म्हणालो. दुसऱ्या वर्षी मी कायदा शिकायला लागलो. लोक म्हणतात, शिपायाचा प्राध्यापक झाला, किती जिद्दीचा. जिद्द कसली, मला तोंड लपवायला पुस्तक हवं होतं.”

शिष्याने वर पाहिलं. गुरुजींचे डोळे कोरडे होते, पण इतक्या वर्षांनीही त्यांच्या चेहऱ्यावर लाज ताजी होती. आपली लाज कधीतरी शिळी होईल ही आशा शिष्याने तिथेच सोडली.

“कुरणे दोषी असेलही,” गुरुजी पुढे म्हणाले. “पण दोषी ठरण्यासाठीसुद्धा माणसाला आधी हजर राहू द्यावं लागतं. तू अकरा रकाने आखलेस. पहिल्या दोघांनी तुझा कागद वाचला आणि तो कसा वापरायचा ते सांगितलं. त्या बाईने कागदाबाहेर राहिलेला माणूस शोधला, आणि तू तिलाच सर्वांत कमी गुण दिलेस. तुलना चांगली केलीस, पण तीन कार्यालयांची नाही, तुझ्या भीतीची. जो तुझ्या चौदाव्या पानापासून जितका दूर राहिला, त्याला तितके जास्त गुण.”

शिष्याने तक्ता उचलला. तो फाडून टाकावा असं त्याला वाटलं, पण मग त्याने तो फाइलमध्येच ठेवला, चौदाव्या पानाच्या पाठीशी.

सोमवारी संचालक मंडळापुढे त्याने तिसऱ्या कार्यालयाचं नाव दिलं. अध्यक्षांनी गुणांकडे बोट दाखवून कारण विचारलं, तेव्हा त्याने दार बंद होतं आणि पुकारा मी बसल्या जागी केला, हे सांगितलं. खोलीत कोणीतरी घसा खाकरला. एक संचालक म्हणाले की हे इथेच राहू द्या, बाहेर कशाला जायला हवं. शिष्य म्हणाला की ते बाहेरच बसलं होतं, मी आत येऊ दिलं नाही. या बोलण्यात त्याला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. वर्गात चोरी पकडली गेलेल्या पोरासारखंच त्याला वाटत होतं. फरक इतकाच की पकडणाराही तोच होता.

मंडळ चिडलं, पण वकीलबाईंनी आठ दिवसांत लेखी मत दिलं की ही चौकशी कोणत्याही न्यायालयात उभी राहणार नाही. बडतर्फीचा हुकूम मागे घेऊन चौकशी नव्याने घ्यावी लागेल. तसं ठरलं. शिष्यालाही कारणे दाखवा नोटीस निघाली. त्याचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं आणि मग त्याच्या सेवापुस्तकात ठपका नोंदवण्यात आला. ज्या दिवशी त्याला म्हणणं मांडायला आत बोलावलं, त्या दिवशी आपलं नाव मोठ्याने ऐकू येणं ही काय चीज आहे ते त्याला कळलं.

नव्या चौकशीला नवे अधिकारी आले. त्यांनी पुकारा करायला सांगितलं. हे काम शिपायाचं होतं, पण शिष्य स्वतः उठला. त्याने दार पूर्ण उघडलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. बळवंत कुरणे दोन पावलांवर त्याच बाकावर बसला होता. तोच पांढरा शर्ट, मांडीवर तीच पिशवी. इतक्या जवळच्या माणसाला नुसतं या म्हटलं असतं तरी चाललं असतं. शिष्याने छाती भरून श्वास घेतला आणि पूर्ण आवाजात नाव पुकारलं. पलीकडे गठ्ठे वाहणारी माणसं थांबून बघू लागली.

कुरणे सावकाश उठला. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“हजर हाय साहेब,” तो म्हणाला. “त्या दिवशीबी हुतो.”

“माहीत आहे,” शिष्य म्हणाला. “त्या दिवशीही माहीत होतं.”

कुरण्याने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. शिष्याने त्याच्याकडे काही मागितलं नाही. शिष्य दार धरून बाजूला उभा राहिला आणि कुरणे त्याच्यासमोरून आत गेला.