येसाईचं जू

बसा गप. फार वर्षांपूर्वी, आपल्या सावळखेडात मूठभरच चुली होत्या, तेव्हा इथं येसाई नावाची म्हातारी राहायची. जू ओढून ओढून बैलांच्या खांद्यावर दगडासारखे घट्टे पडतात ना? पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, येसाई त्यांवर हळद-तूप चोळायची. घट्टा विरघळून तिच्या तळव्यात यायचा. मग ती शिवेवरच्या बाभळीला हात पुसायची, अन् बाभळीवर नवी गाठ उठायची. असं म्हणतात, सांजेला त्या गाठी बैलासारख्या धापा टाकायच्या. हसू नका रे, जुन्या लोकांनी कान लावून ऐकलंय!

तेव्हाचा पाटील दौलत. माणूस कामाचा, पण महाहट्टी. गाठीचं लाकूड चिवट, म्हणून त्यानं ती बाभूळ तोडली अन् जू घडवलं. येसाई आडवी आली.

"दौलता, साऱ्या बैलांचं दुखणं आहे रे त्यात. कुणाच्या मानेवर देशील?"

"बैलांच्याच!" म्हणून तो हसला.

पेरणी लागली. बैलांना काहीच झालं नाही. पण पाभरीचा पहिला फेरा संपला, तशी घरी पाळण्यातल्या त्याच्या तान्ह्या लेकीच्या, कौतिकाच्या मानेवर घट्टा उठला. फेऱ्यागणिक तो वाढत गेला. दुपारपर्यंत पोरीची मान लाकूड झाली, दूध गिळता येईना. तिची आई ओरडत शेतात आली. दौलतची पाचावर धारण बसली. त्यानं बैल सोडले अन् जुवावर कुऱ्हाड उगारली.

"फोडू नकोस!" येसाई बांधावरून ओरडली. "फोडलंस तर घरोघरी शिरेल ते."

"मग माझी लेक?" दौलत तिच्या पायांवर पडला. "माझ्या मानेवर दे, आई."

"तुला नाही पेलायचं, बाबा."

तिनं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं अन् शिवेकडे चालू लागली. पावलागणिक तिच्या कातडीची साल होत गेली, असं म्हणतात. इकडे पोर रडली अन् दूध प्यायला लागली. लोक शिवेवर पोचले, तर तोडल्या जागी नवी बाभूळ उभी, अन् जू तिच्या बुंध्यात रुतलेलं.

म्हणून अजूनही खांदमळणीचं पहिलं तूप त्या बाभळीला. पाटलांच्या घरची लेक ते चोळते अन् म्हणते, "येसाई, आज आवतण घे, उद्या जेवायला ये." मगच गाव आपापल्या बैलांना हात लावतं.

चोळून आली की ती लेक दरवर्षी एकच सांगते: बाभळीची साल कोमट लागते, अन् जुवाखालचा खांदा हाताखाली हळूच वर येतो. दुखतंय अजून म्हातारीला.