क्रमांक चारशे तेरा

त्या रानात ज्याला क्रमांक नाही, त्याला पाणी नाही. तळं आटायला लागल्यापासूनचा हा नियम, आणि खरं सांगायचं तर तो वाईट नव्हता. थोरांनी लहानांचं पाणी पळवणं तरी थांबलं होतं. क्रमांक सुतारपक्षी द्यायचा. कुणी मागायला आलं तर सूर्य उगवताना, दिवसाला एकच आकडा, मागच्यापेक्षा एकाने जास्त, सालीवर टोचून. तो कासवाच्या वहीत चढला की पाणी सुरू.

मोजणी चारशेवर आली असताना पलीकडच्या रानातून बारा बगळे आले. त्यांच्याजवळ तिकडचे क्रमांक होते, चारशे एक ते चारशे बारा. आम्हाला हेच राहू द्या, म्हणाले. पाहुण्यांचं मन कशाला मोडा, म्हणून कासवाने ते आपल्या हाताने वहीत लिहून घेतले. सुतारपक्ष्याला कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्या वर्षी रानात एकच अंडं फुटलं, टिटवीचं. पिल्लासाठी तिला चारशे एक मिळाला.

"हा बगळ्याचा आहे, बाई," कासव म्हणालं. "एका आकड्यावर दोघं चालत नाहीत. उद्या दुसरा आणा."

दुसराही बगळ्याचा निघाला, तिसराही. टिटवी आपल्या वाट्याचं अर्धं पाणी पिल्लाच्या चोचीत घालत होती, पण मुळात वाटाच घोटभर.

"दादा, मला एकदम चारशे तेरा द्या ना," ती सुतारपक्ष्याला म्हणाली.

"मी फक्त एक वाढवतो. वहीत काय आहे, ते मला कोण सांगतं?"

कासव म्हणालं, "मी फक्त वही बघतो."

दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि याचीच जास्त चीड येते. पिल्लू आता मान वर धरत नव्हतं.

तेराव्या सकाळी कासवाला वहीत मोकळी ओळ सापडली. त्याने आनंदाने, वळणदार अक्षरात आकडा लिहिला.

"झालं बघा बाई तुमचं काम. आणा त्याला."

"ते काल गेलं," टिटवी म्हणाली.

वहीत चढलेलं खोडायची रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी तळ्यावर पाणी वाटणाऱ्या पाणकोंबडीने चारशे बारानंतर चारशे तेरा पुकारला आणि भरलेला द्रोण रिकाम्या जागेसमोर ठेवला. टिटवी चार पावलांवर उभी होती. त्या द्रोणाला चोच लावायचा हक्क दुसऱ्या कुणालाच नव्हता. ऊन चढेपर्यंत पाणी तसंच होतं.