सॉरी कुणी म्हणायचं?

"पण मी सॉरी म्हणायचं तरी का? आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ तरी ठाऊक आहे का कुणाला?"

प्राध्यापक वामनराव टेंभेकर मठीच्या ओसरीवर उभ्या उभ्या विचारत होते. समोर रंगोबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"मला न्हाई ठावं," बुवा म्हणाले. "बसा, मास्तर. शेंगा खावा."

वामनराव बसले नाहीत. उभी हयात कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेलेली, बसून बोलायची सवयच नव्हती. त्यांना कुणी मास्तर म्हटलेलंही खपत नसे. पण काम अडलेला माणूस बरंच काही ऐकून घेतो.

काम असं होतं. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई रुसून कराडला, माहेरी जाऊन बसल्या होत्या. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. आणि बाई ऐकायच्या तर एका रंगोबुवांचंच.

"तुम्ही तिला फक्त सांगा, परत जा म्हणून."

"सांगतो की. पर गेल्या कशानं?"

"अगदी क्षुल्लक हो! मुलीचा साखरपुडा होता. पानं वाढायला वेळ लागला. ही व्याह्यांना म्हणाली, सॉरी हं, जरा उशीरच झाला."

"बरं."

"मी तिथल्या तिथे तिची चूक दाखवली."

शेंग फोडता फोडता बुवांचा हात थांबला. "कुठली?"

वामनरावांची कळी खुलली. इतक्या आस्थेनं त्यांना वर्गातही कधी कुणी विचारलं नव्हतं.

"लोकांना वाटतं, हा शब्द शोकावरून आला. साफ चूक! तो आला दुखण्यावरून. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'सारिग' असा होता. सारिग म्हणजे वेदनेनं व्याकूळ. आता तुम्हीच सांगा, बुवा, वरण उशिरा आलं म्हणून कुणी वेदनेनं व्याकूळ होतं का? पुढे इंग्रजांनीच त्या शब्दाची धूळधाण केली. धक्का लागला, सॉरी. रस्ता हवा, सॉरी. ऐकू आलं नाही, तरी सॉरी!"

"ह्ये सगळं तुमी पंगतीत सांगितलंत?"

"थोडक्यात. व्याही तर पोट धरून हसले. ही मात्र तुपाचं भांडं ठेवून आत गेली… ती बाहेर आलीच नाही."

बुवांनी टरफलं बाजूला सारली.



"मग तुमी कराडला गेलाच न्हाई?"

"गेलो तर! ती म्हणाली, चारचौघांत माझं हसं केलंत. एकदा सॉरी म्हणा, आत्ता निघते."

"मग?"

"मी म्हटलं, शब्दाचा मूळ अर्थ दुखावलेला. आपल्या दोघांत दुखावलेलं कोण? तू. म्हणजे शास्त्राप्रमाणे सॉरी तू म्हणायला हवंस."

बुवांना असा ठसका लागला की तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

"त्यावर बाई काय म्हणाल्या?"

"दार लावून घेतलं."

एवढं बोलून वामनरावांचा आवाज खाली आला. "घर खायला उठतं, बुवा. सकाळी पेपरातल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवतो… आणि मग लक्षात येतं, ऐकायला कुणीच नाही."

"मग म्हणा की एकदा सॉरी."

"चुकीच्या अर्थानं?" वामनराव उसळले. "बुवा, जन्मभर मी पोरांना काय शिकवलं? शब्द आधी तपासा, मग तोंडातून काढा. ज्याला वेदना झाली…"

बोलता बोलता ते ओसरीवर येरझारा घालू लागले. भिंतीकडेला केरसुणी आडवी ठेवलेली होती. तिला त्यांचा पाय लागला.

वामनराव चटकन वाकले. केरसुणीला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि ताठ होऊन तुटलेलं वाक्य पुढे सुरू केलं.

"…ज्याला वेदना झाली, त्यानंच…"

"मास्तर, आत्ता काय केलंत?"

"कुठे काय?"

"वाकलात."

"अहो, केरसुणीला पाय लागला. लक्ष्मी ती."

"लई दुखलं का तिला?"

"केरसुणीला काय दुखायचंय, बुवा!"

बुवांनी मान डोलावली आणि एक शेंग फोडली.

वामनराव केरसुणीकडे बघत राहिले. मग बुवांकडे. मग पुन्हा केरसुणीकडे… काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. विद्यार्थ्यांना हे दृश्य बघायला मिळालं असतं, तर त्यांनी पेढे वाटले असते.

शेवटी त्यांनी विचारलं, "कराडची गाडी कुठे थांबते?"

"खाली, फाट्याला."

वामनरावांनी घाईघाईनं चपला चढवल्या. दोन पायऱ्या उतरले आणि मागे वळले. चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता.

"बुवा, तिच्यासमोर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलू?"

"मघाशी वाकलात, तवा केरसुणीला काय म्हनलात?"

"काहीच नाही."

"बेस केलंत," बुवा म्हणाले. "न्हाईतर तीबी माहेरी गेली असती."