बिनगाठीचा दिवस

गोमायचं कुणी ऐकलं नाही. दारोदार लंगडत गेली, घसा बसेस्तोवर सांगत राहिली, पण तिचं कुण्णी म्हणजे कुण्णी खरं मानलं नाही. आमच्या कोंडखारात ही गोष्ट अशीच सुरू होते आणि सांगणारी बाई एवढं बोलून खाली बघते. मीही बघते. पुढचं ऐकलंत की तुम्हीही बघाल.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. गावात एकाही घरावर कौल नव्हतं, एवढं मला ठाऊक. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध होता. बांधाच्या पलीकडं खारं पाणी, अलीकडं आपली शेतं, मग टेकाड आणि टेकाडावर घरं. बांध आहे तोवर भात आहे आणि भात आहे तोवर गाव आहे.

पुरुष मासेमारीला मचव्यांवर जायचे. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरायच्या, खडकांना चिकटलेली शिंपल्यांतली कालवं फोडायला. तान्हं पोर पाठीला बांधता येतं, पण चालत्या पोराचं काय करायचं? म्हणून बांधाच्या पायथ्याशी, शेतांच्या बाजूला, मेढी रोवल्या होत्या. मेढ म्हणजे लाकडाचा खांब. काथ्याच्या दोरीचं एक टोक मेढीला आणि दुसरं पोराच्या कमरेला. आई परत येईस्तोवर दोरी जाईल तेवढंच पोराचं जग. तिथंच खायचं, तिथंच रडायचं, बाकीचंही तिथंच. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण प्रत्येक आई लहानपणी तिथंच बांधलेली होती.

गोमाय तेव्हा गोमाय नव्हती, नुसती गोमी होती. खडकावरून घसरून तिचा पाय मोडला आणि वाकडाच जुळला. चिखलात उतरणं संपलं. गावानं सांगितलं, मेढींपाशी बस, पोरांवर नजर ठेव, मूठभर तांदूळ देऊ.

आता लोक तिला देवीसारखी रंगवतात. रंगवू द्या. गोमीला पोरं आवडत नव्हती. ती त्यांच्यावर खेकसायची, त्यांच्याकडं पाठ करून बसायची. पाय मोडल्यापासून तिनं घरातल्या देवापुढं दिवाही लावला नव्हता. म्हणायची, "ज्यानं मला मोडलं त्याला मी तेल कशाला घालू?"

एके दिवशी पाय इतका ठणकला की ती पोरांसमोरच रडायला लागली. चांगुणा म्हणून एक बाई होती, कालवं फोडण्यात सगळ्यांच्या पुढं. तिची वेणू मेढीला बांधलेली होती. वेणूनं गोमीकडं यायला बघितलं. दोरी पुरेना. तिनं दोरी ताणली, कमरेला वळ उठले, तरी हात पोचेना. मग गोमीच सरकत तिच्यापर्यंत गेली. वेणूनं त्या वाकड्या पायावर फुंकर घातली आणि म्हणाली, "झालं. आता उद्या बरा."

दुसऱ्या दिवशी पोरीनं आल्या आल्या विचारलं, "बरा झाला?"

पाय तसाच होता. गोमी म्हणाली, "झाला."

वेणूनं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या पोरांना सांगितलं की पाय मी बरा केला. असं म्हणतात, त्या दिवसापासून गोमीचा पाय दुखला नाही. वाकडा राहिला, पण दुखला नाही. त्या संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला. आणि त्याच सकाळी तिनं सगळ्या पोरांच्या दोऱ्या सोडल्या होत्या.

पहिले दिवस नुसता गोंधळ होता. एकजण पाटात पडला, एकीनं बेडूक गिळायला घेतला. बायका तिच्या अंगावर धावून आल्या. गोमी म्हणाली, "बांधलेलं पोर पडत नाही, ते खरं. पण ते उठायलाही शिकत नाही."

तिला अक्षर येत नव्हतं. वारा येत होता, पाणी येत होतं, मासळी येत होती. तेच ती शिकवायची, आणि पोरं तिला गोमाय म्हणायला लागली. पोराचं काही चुकलं की म्हणायची, "परत सांग, नीट ऐकू आलं नाही." पोराला वाटायचं, म्हातारीचे कान गेले. ते परत विचार करायचं आणि दुसऱ्या खेपेला बरोबर सांगायचं. त्यानंतर ती कधी ओरडली नाही. फार दंगा झाला की जमिनीवर हात थोपटून एवढंच म्हणायची, "बस माझ्याजवळ." असं म्हणतात, तिनं बस म्हटलं की उडता बगळासुद्धा खाली उतरून बसायचा.

पोरांचा आवडता खेळ म्हणजे पोटावर निजून बांधाला कान लावायचा. आत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, चालतात त्या ऐकायच्या.

होळी जवळ आली होती. वेणू एका जागी कान लावून कितीतरी वेळ पडून राहिली. मग म्हणाली, "गोमाय, आत पाणी बोलतंय."

"परत सांग, नीट ऐकू आलं नाही."

"पाणी बोलतंय. आत."

गोमायनं कान लावला. तिला काही ऐकू आलं नाही. दुसरा कान लावला. मातीचा गार स्पर्श, बस. मग एकेक पोर येऊन ऐकून गेलं आणि प्रत्येकानं तेच सांगितलं. आता इथं तुम्ही काय केलं असतं ते मनात ठेवा. गोमायला स्वतःला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. तरी तिनं पोरांचं मानलं. देवाला मानायला शिकली होती ना ती त्याच पोरीकडून.

ती पहिल्यांदा हसुरामकडं गेली. बांधाची राखण त्याच्याकडं होती. तो म्हणाला, "बांध मी राखतो का ही शेंबडी पोरं?"

"कुर्ल्यांनी आत पोखरलाय. उधाणाच्या आत माती घाल."

"तुला ऐकू आलं?"

"मला नाही. पोरांना आलं."

हसुराम पोट धरून हसला. "उद्या कुर्ल्यांनाच बोलाव की पंचाईत भरवायला."

मग ती दारोदार गेली. सगळीकडं तेच. तुला ऐकू आलं का, नाही ना, मग जा. शेवटी चांगुणेच्या दारात उभी राहिली. "चांगुणे, दुसऱ्या कुणाची नाही, तुझी वेणू सांगते."

चांगुणा चूल फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीचं काय मनावर घेतेस, गो."

होळीच्या दुसऱ्या दिवशी वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी असते. एरवी पाण्याखाली असणारे खडक त्या दिवशी उघडे पडतात. पुरुष मचव्यांवर होते. सगळ्या बायका होड्यांतून जाणार होत्या. सकाळी त्या बांधापाशी जमल्या आणि बोलायला लागल्या. गोमीनं पोरं बिघडवली. सुटी पोरंच बांध उकरतात आणि वर ओरडतात पाणी बोलतंय म्हणून. आज एवढ्या लांब जायचं, मागं जिवाला घोर नको. मग प्रत्येकीनं आपलं पोर आपल्या हातानं मेढीला बांधलं. ओल्या काथ्यानं, दुहेरी गाठीनं. ओला काथ्या उन्हात सुकला की गाठ दगड होते. गोमायच्या कमरेला कोयती असायची, तीही कुणीतरी काढून घेतली.

गोमाय हात जोडत होती. असं म्हणतात, एकीनंही तिच्याकडं वळून बघितलं नाही.

मोठ्या ओहोटीमागून मोठी भरती येते, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. पण खडकांवर कालवांचे थरच्या थर होते. बायका रेंगाळल्या. पाणी वळलं, त्यांच्या मागून भरलं, आणि पाण्याच्या ओढीत त्या होड्यांतच अडकल्या. हसुराम होळीची ताडी पिऊन झोपला होता.

आणि वेणूनं दाखवलेल्या जागीच बांधातून पाणी आलं. आधी बोटाएवढं, मग मनगटाएवढं.

गोमायनं गाठींना बोटं घातली. नखं निघाली, गाठ सुटेना. मग तिनं दात लावले. एक गाठ सुटली, गाठीत दात राहिला. दुसरी सुटली, आणखी एक दात गेला. पाणी पोरांच्या गुडघ्याला आलं. तेवढ्यात बांध धसला आणि खाडी आत शिरली.

असं म्हणतात, तेव्हा गोमाय त्या भगदाडात जाऊन बसली. वाकडा पाय आडवा टाकला, पाण्यावर हात थोपटला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बस माझ्याजवळ. माझी पोरं अजून सुटायची आहेत."

आणि भरती बसली. हसू नका. खाडीएवढं पाणी तिच्या शेजारी शहाण्या पोरासारखं मांडी घालून बसलं. एकेक पोर दोरीच्या टोकापर्यंत तिच्याकडं येत होतं, ती वाकून दातांनी गाठ सोडत होती. शेवटची गाठ वेणूची. ती सगळ्यात घट्ट होती. तीही सुटली. सगळी पोरं हातात हात धरून टेकाडाकडं निघाली, तिनं शिकवलं होतं तशी. वेणू मागं वळून म्हणाली, "गोमाय, ये ना."

"चला पुढं. मी येते मागून."

शेवटच्या पोराचा पाय टेकाडावर पडला तेव्हा पाणी उठलं.

बायका परतल्या तेव्हा पोरं वर होती, जिवंत, सगळीच्या सगळी. खाली पाणीच पाणी. ओसरल्यावर मेढी दिसल्या, मेढींच्या दोऱ्या दिसल्या, आणि सुटलेल्या दोऱ्यांच्या पिळात दात. गोमाय सापडली नाही.

मग बोलणं सुरू झालं. कुणी खाडीला दोष दिला, कुणी कुर्ल्यांना. एक बाई तर म्हणाली की गोमायनं आधी पोरं सोडली नसती तर आम्ही दुहेरी गाठ मारलीच नसती. असलं बोलणारी तोंडंही आमच्याच गावात होती. शेवटी सगळं हसुरामवर आलं. तो गाव सोडून गेला आणि त्याच्या नावानं थुंकणं कित्येक वर्षं चाललं. सोपं होतं ते. त्याला कुणी परत बघितलं नाही.

तेव्हापासून होळीच्या दुसऱ्या दिवशी कोंडखारात कुणी गाठ मारत नाही. म्हशी मोकळ्या, बायकांचे केस मोकळे, पाळणे खाली उतरवलेले. होड्यासुद्धा बांधत नाहीत, आम्ही बायका पाण्यात उभ्या राहून हातानं धरतो. पोरं बांधावर पोटावर निजतात आणि कान लावतात. पोर म्हणेल तिथं मोठ्यांनी माती घालायची. खरं का म्हणून विचारायचं नाही. दरवर्षी दोनचार वांड कार्टी नुसती आम्हाला राबवायला बोट दाखवतात. तिथंही माती पडते. म्हणून आमचा बांध आजूबाजूला सगळ्यात जाड आहे.

माती घालून झाली की ही गोष्ट सांगायची. गोमायचं कुणी ऐकलं नाही, इथून. बरीच वर्षं ती त्याच वाक्यावर संपायचीही.

मग एका वर्षी चांगुणा उठली. पार थकली होती, डोळे गेले होते, वेणूच्या पोरीनं हात धरला होता. म्हणाली, "कुणी ऐकलं नाही, हे खोटं सांगता."



तिनं सांगितलं. गोमाय दारातून गेल्यावर ती घागर घेऊन बांधावर गेली होती. वेणूच्या जागी कान लावला. घागर भरताना येतो तसा आवाज, स्वच्छ. ती घरी आली आणि भात शिजवला. बोलली असती तर बायका म्हणाल्या असत्या, लंगडीच्या शाळेत नाव घातलंस काय गो. तेवढ्या हसण्याला ती भ्याली. आणि सकाळी, सगळ्या बघत होत्या म्हणून, तिनं आपल्या पोरीची गाठ सगळ्यांपेक्षा घट्ट आवळली. तिनं कनवटीतून वेणूच्या दोरीचा तुकडा काढला. त्यात दोन दात होते.

आम्ही अजून गोष्ट त्याच खोट्या वाक्यानं सुरू करतो, आणि शेवटी पोरं विचारतात, "खरंच कुणालाच ऐकू आलं नव्हतं?" आम्ही केस सोडून, हातात होडीचा काठ धरून उभ्या असतो. पटकन तोंड उघडत नाही. कुणीतरी हळू काहीतरी पुटपुटते. मग पोरं म्हणतात, "परत सांग, नीट ऐकू आलं नाही."

तेव्हा सगळ्यांनी मिळून मोठ्यानं सांगावं लागतं.

चांगुणा.